उभ्या चाकांचें आयुष्य



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना थोडें हसूं येईल. मोटार कशी चालवावी हें सांगणारे पुष्कळ आहेत. ती कोठें उभी करावी याविषयींहि शेजारीपाजारी न विचारतां सल्ला देतात. पण उभ्या असलेल्या गाडीच्या टायरांना ऊन लागूं नये म्हणून काय करावें, हा कांहीं व्याख्यानाचा विषय झाला काय? २०२२ सालापर्यंत मलाहि असेंच वाटत होतें. त्या वर्षीं जें घडलें तें प्रथम सांगतों, म्हणजे हा विषय मीं कां निवडला हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

मी सोलापुरास राहतों. नोकरींत असतांना, २०१४ सालीं, मीं एक लहानशी मोटार घेतली. शिक्षकाची गाडी ती किती धांवणार? बाजार, देवदर्शन आणि वर्षांतून एकदोनदां पुणें. पुढें मी निवृत्त झालों, आणि मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षें गाडी घराच्या दक्षिणेकडील मोकळ्या जागेंत उभीच राहिली. आठवड्यांतून एकदां मी इंजिन सुरू करीत असें, कांचा पुसत असें, आणि गाडीची निगा राखल्याचें समाधान मानीत असें. २०२२ च्या वैशाखांत पुतणीच्या लग्नासाठीं आम्ही उभयतां पुण्यास निघालों. निघण्यापूर्वीं चारी चाकांत हवा भरून घेतली होती. टायरांची नक्षी तर नव्यासारखी दिसत होती. भिगवणच्या अलीकडे, भर दुपारीं, पुढचा उजवा टायर फुटला आणि गाडी दुभाजकाला घांसत जाऊन थांबली. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकानें आपली गाडी वेळींच आंवरली, म्हणून मी आज आपल्याशीं बोलत आहें. पत्नीच्या मनगटाचें हाड मोडलें. तें जुळलें, पण त्या हातानें पोळी लाटणें तिला अजून जड जातें.

रस्त्याच्या कडेला टायरचें दुकान चालविणाऱ्या एका तरुणानें फुटलेला टायर उलटसुलट करून पाहिला. त्याच्या बाजूवर उठविलेले चार आंकडे त्यानें मला दाखविले : १११४. म्हणजे २०१४ सालचा अकरावा आठवडा. त्या आठवड्यांत तो टायर कारखान्यांत तयार झाला होता. मग त्यानें दोन्ही हातांनीं टायर वांकविला. बाजूवर केंसाएवढ्या बारीक अशा असंख्य भेगा उघडल्या. तो म्हणाला, "काका, टायर झिजला नाहीं, म्हातारा झाला." पस्तीस वर्षें मुलांना विज्ञानाचे धडे दिलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट ठाऊक नसावी, याची मला त्या वेळीं फार लाज वाटली. तो टायर केवळ उन्हानें फुटला असें माझें म्हणणें नाहीं. वय, ऊन, वेग आणि तापलेला रस्ता या सर्वांचा त्यांत वांटा होता. पण यांपैकीं ऊन टाळणें आणि वय ओळखणें या दोन गोष्टी सर्वस्वीं माझ्या हातांत होत्या.

या विषयाचें पुढील शिक्षण मला फार दूरच्या ठिकाणीं मिळालें. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत, फिनिक्स शहरीं, आमच्या लेकीकडे होतों. सोलापूरच्या माणसाला उन्हाचें कौतुक काय सांगावें? पण त्या वर्षीं ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत ओळीनें ३१ दिवस तेथील कमाल उष्णतामान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सेंटिग्रेडच्या ४३ अंशांहून, खालीं आलें नाहीं. लेकीच्या शेजारीं एक वृद्ध दांपत्य राहत होतें. त्यांच्या अंगणांत चाकांवरचें एक घर उभें होतें. त्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. त्याला स्वतःचें इंजिन नसतें; मोटारीच्या मागें जोडून तें ओढीत न्यावयाचें. आंत बिछाना, चूल, पाण्याची टांकी, सर्व कांहीं असतें. १९३६ सालीं वॉली बायम यांनीं काढलेला 'एअरस्ट्रीम क्लिपर' नांवाचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर फार गाजला. आज त्या देशांत असें घर बाळगणारीं कुटुंबें अतोनात आहेत. हिवाळ्यांत उत्तरेकडील थंडी टाळण्यासाठीं हजारों वृद्ध जोडपीं आपले ट्रेलर घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटांत येतात; क्वार्टझाइट नांवाच्या लहानशा गांवाभोंवतीं तर त्यांचें एक नगरच वसतें. हिवाळा सरला कीं यांपैकीं बरेच ट्रेलर पुढच्या मोसमापर्यंत कोठें तरी उभे राहतात.

शेजाऱ्यांच्या ट्रेलरच्या चारी चाकांवर, तान्ह्या मुलाच्या डोक्यावर टोपडें घालावें तशीं, पांढऱ्या जाड कापडाचीं आवरणें घातलेलीं होतीं. चाकांखालीं लांकडी फळ्या होत्या. धूळ बसूं नये म्हणून ही व्यवस्था असेल असें समजून मीं त्या गृहस्थांना विचारलें. त्यांनीं मला सावलींत बसवून तासभर माहिती सांगितली. त्यांच्या सांगण्याचें सार असें कीं, ट्रेलरचा टायर चालून क्वचितच संपतो. तो बहुधा उभ्या उभ्याच संपतो.

असें कां व्हावें? ट्रेलर वर्षांतून कांहीं आठवडेच रस्त्यावर असतो, त्यामुळें त्याची नक्षी झिजत नाहीं आणि मालक निर्धास्त राहतो. पण घराचा संसार आंत तसाच असल्यामुळें टायरांवरील भार उभें असतांनाहि उतरत नाहीं. शिवाय पुष्कळ ट्रेलरांना जवळजवळ दोन आंस असतात. वळण घेतांना हीं चाकें नुसतीं फिरत नाहींत, तर जमिनीवर आडवीं फरफटतात, आणि टायरच्या बाजूंना मोठा पीळ बसतो. उन्हानें आधींच कडक झालेल्या टायरला हा पीळ सोसत नाहीं. मोटारीचा टायर गेला तर हातांतलें चक्र चालकाला तत्काळ सांगतें. मागच्या ट्रेलरचा गेला तर कित्येकदां त्याला लवकर कळतहि नाहीं. तोंवर सुटलेला रबराचा पट्टा चाबकाप्रमाणें फिरत घराचा तळ आणि त्याखालील नळ्या फोडून टाकतो. ट्रेलरसाठीं निराळे टायर करतात, त्यांच्यावर 'एस. टी.' अशीं अक्षरें असतात. त्यांपैकीं बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशीं ६५ मैल, म्हणजे सुमारें १०५ किलोमीटर, अशी ठरलेली असे. अलीकडे याहून अधिक वेगाचेहि मिळतात.

आतां ऊन टायरचें नेमकें काय करतें तें पाहूं. रबर हा मूळचा झाडाचा चीक. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ होई. १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यांना असें आढळलें कीं, रबरांत गंधक मिसळून तें तापविलें म्हणजे हे दोन्ही दोष जातात. १८४४ सालीं त्यांना या कृतीचें अमेरिकन पेटंट मिळालें. रबराचे रेणु म्हणजे लांबच लांब सांखळ्या. गंधक त्या सांखळ्यांना जागोजाग एकमेकींशीं बांधून टाकतो. त्यामुळें रबर ताणलें तरी पुन्हां मूळच्या आकारावर येतें. आजच्या टायरांत झाडाच्या रबराबरोबर कृत्रिम रबरहि असतें, परंतु रचनेचें तत्त्व हेंच. या सांखळ्यांत कांहीं दुवे मात्र जात्याच नाजूक असतात, आणि टायरचे शत्रु नेमके त्यांच्यावर घाला घालतात.

पहिला शत्रु ओझोन वायु. आकाशांत फार उंचावर हा वायु सूर्याच्या तीव्र किरणांपासून आपलें रक्षण करतो. परंतु वाहनांच्या धुरावर ऊन पडलें म्हणजे तो जमिनीजवळहि तयार होतो. तो रबरांतले नाजूक दुवे तोडतो. त्याचा एक विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे : ताणलेल्या रबरालाच तो भेगा पाडतो. उभ्या गाडीच्या टायरचा जमिनीलगतचा भाग भारानें फुगून ताणलेला असतो. चाक फिरत असेल तर हा ताण क्षणोक्षणीं जागा बदलतो. गाडी उभी असेल तर महिनोन् महिने त्याच जागीं राहतो.

दुसरा शत्रु प्रकाश. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण, ज्यांना जंबुपार असेंहि म्हणतात, रबराच्या पृष्ठभागाचा नाश करतात. प्रारंभीचे टायर पांढुरके असत. पुढें त्यांत बारीक काजळी मिसळूं लागले आणि ते काळे झाले. ही काजळी रबराला बळकटी देते, आणि किरण स्वतः शोषून घेऊन त्यांना खोल जाऊं देत नाहीं. पण काळा रंग उष्णताहि शोषतो, आणि येथें तिसऱ्या शत्रूचें फावतें. उन्हांतला टायर भोंवतालच्या हवेपेक्षां पुष्कळच अधिक तापतो. उष्णतामान दहा अंश सेंटिग्रेडनें वाढलें कीं रासायनिक क्रियेचा वेग स्थूलमानानें दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. हवेंतील प्राणवायु रबराला हळूहळू कडक करीत असतोच; उष्णतेनें तें काम झपाट्यानें होतें. टायरमध्यें भरलेली हवाहि सूक्ष्म प्रमाणांत रबरांतून झिरपत असते, त्यामुळें ही क्रिया आंतूनहि चालूच राहते.

मग कारखानदारांना हें ठाऊक नाहीं काय? आहे. ते रबरांत एक प्रकारचें मेण आणि ओझोनला अडविणारीं रसायनें मिसळून ठेवतात. टायर धांवतो तेव्हां तो सतत दबतो व फुगतो, आणि या मळणीबरोबर आंतलीं द्रव्यें पृष्ठभागावर येऊन त्याच्यावर पातळ कवच धरतात. जुनें कवच संपतें तों नवें येतें. उभ्या टायरला ही मळणी मिळत नाहीं. वरचें कवच संपत जातें आणि त्याची भरपाई फार मंद होते. आपल्याला वाटतें कीं गाडी उभी आहे म्हणजे टायर विसांवा घेत आहेत. वस्तुतः त्या काळांत त्यांचें संरक्षण सर्वांत कमी असतें.

घरांत मुलें असतील तर त्यांना एक सोपा प्रयोग करूं द्या. २०२४ च्या मे महिन्यांत मीं तो शेजारच्या मुलांकडून करविला. कागद बांधण्याच्या सारख्याच तीन रबरी कड्या घेतल्या. एक कपाटाच्या खणांत ठेवली, दुसरी गच्चीवर उन्हांत सैल टाकली, आणि तिसरी एका डब्याभोंवतीं ताणून त्याच उन्हांत ठेवली. महिनाअखेर खणांतली जशीच्या तशी होती. सैल टाकलेली कडक होऊन तिचा जोम गेला होता. ताणलेलीवर आडव्या भेगा पडून ती तुटून गेली होती. टायरमध्यें काजळी व मेण असल्यामुळें जें कडीचें महिन्यांत होतें, त्याला टायरच्या बाबतींत वर्षें लागतात, इतकेंच.

आतां उपाय. पहिला आणि मुख्य उपाय सावलीचा. गाडी छपराखालीं ठेवतां आली तर उत्तमच. तें न जमल्यास चाकांना आवरण घालावें. त्याची बाहेरची बाजू पांढरी अथवा फिक्या रंगाची असावी, कापड प्रकाश आरपार न जाण्याइतकें जाड असावें, आणि खालून हवा खेळती राहावी. चाक धुऊन पूर्ण कोरडें झाल्यावरच तें घालावें, नाहीं तर आंत ओल कोंडते. आवरणाची सोय नसेल तर दक्षिणेकडे व पश्चिमेकडे तोंड असलेल्या चाकांपुढें साधी लांकडी फळी उभी केली तरी बरेंचसें ऊन अडतें.

दुसरा उपाय जमिनीचा. डांबरी जागेवर किंवा तेल सांडलेल्या ठिकाणीं टायर महिनोन् महिने ठेवूं नये. डांबर व तेल हीं दोन्ही रबराला बाधतात. चाकाखालीं फळी द्यावी, आणि ती टायरच्या पावलाहून रुंद असावी. टायरचा कांहीं भाग फळीवर व कांहीं अधांतरीं राहिला तर सारा भार एका कडेवर येतो.

तिसरा उपाय हवा आणि भार यांचा. टायरांतून महिन्याला पौंड-दोन पौंड हवा आपोआपच कमी होते. कमी हवेचा टायर अधिक फुगतो, अधिक ताणला जातो, आणि ओझोनला आयताच सांपडतो. म्हणून गाडी ठेवतांना हवा पुरी भरावी. मात्र टायरवर छापलेली मर्यादा ओलांडूं नये. महिन्यांतून एकदां, सकाळीं टायर थंड असतांना, ती तपासावी. उष्णतामान पांच-सहा अंशांनीं वाढलें कीं दाब सुमारें एक पौंडानें चढतो. म्हणून दुपारीं मापून हवा काढून टाकण्याची चूक करूं नये. ट्रेलरवाले टांक्या रिकाम्या करून जड सामान उतरवितात, आणि दीर्घ मुदतीसाठीं कारखान्यानें नेमून दिलेल्या जागींच टेकू देऊन चाकांवरचा भार कमी करतात. आपल्या मोटारीसाठीं इतकें करण्याचें कारण नाहीं. महिन्यांतून एकदोनदां ती पांचदहा मैल फिरवून आणावी. माझ्यासारखें नुसतें इंजिन सुरू करून भागत नाहीं; त्यानें चाक जागचें हलत नाहीं.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. टायर साध्या साबणाच्या पाण्यानें धुवावा. चकाकी आणणारीं खनिज तेलाचीं द्रव्यें रबरांतलें रक्षक मेण धुऊन नेतात. आपल्याकडे गाडी धुतांना तळाला डिझेल फंवारण्याची जी रीत आहे, ती टायरच्या दृष्टीनें वाईटच. काढून ठेवलेला टायर विजेच्या मोटारीजवळ किंवा वेल्डिंगच्या जागीं ठेवूं नये. तेथील ठिणग्यांनीं ओझोन तयार होतो.

एवढें सारें केलें तरी आवरणानें टायरचें वय थांबत नाहीं. तें केवळ सावकाश वाढतें. म्हणून शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते चार आंकडे. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही पद्धत रूढ आहे. कधीं कधीं हे आंकडे टायरच्या आंतल्या बाजूलाच असतात. तेव्हां वांकून, हातांत दिवा घेऊन पाहावें लागतें. कांहीं मोटार कारखाने सहा वर्षांनीं टायर बदलावयास सांगतात. टायर बनविणारे बहुधा दहा वर्षें ही अखेरची मर्यादा मानतात, आणि तीहि दरवर्षीं जाणत्याकडून तपासणी होत असेल तरच. ज्याचें आयुष्य उन्हांत गेलें, त्याला या मर्यादेचा भरंवसा देतां येत नाहीं. बाजूवर खोल भेगा दिसल्या, कोठें फुगवटा आला, तर नक्षी कितीहि सुरेख असो, तो टायर काढून टाकावा. वरून काळें रोगण फांसून भेगा झांकतात. बऱ्या होत नाहींत.

आपल्याकडे ट्रेलरची घरें फारशीं नाहींत. पण आमच्या सोलापूर भागांत ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या गाळपाचा हंगाम संपला कीं चैत्र-वैशाखाचें सारें ऊन खात उभ्या असतात. शहरांत पाहावें तर प्रत्येक गल्लींत एखादी तरी अशी मोटार दिसते, जिचा मालक परगांवीं किंवा परदेशीं असतो आणि म्हातारे आईबाप तिच्यावरची धूळ तेवढी झटकतात. मुलगा दिवाळीला येतो, हवा भरतो, आणि सर्वांना बसवून त्याच दिवशीं लांबच्या प्रवासाला निघतो. हें चित्र पाहिलें कीं मला भिगवणचा रस्ता आठवतो.

तेव्हां उद्यां सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, आपल्या गाडीपाशीं जाऊन ते चार आंकडे वाचा, आणि एका कागदावर टिपून ठेवा. पांचवें चाकहि विसरूं नका. त्या दिवशीं पत्नीला दवाखान्यांत नेण्यासाठीं त्या तरुणानें आमची स्टेपनी चढवून दिली, पैसे घेतले नाहींत, आणि "अगदीं सावकाश जा" एवढेंच दोनदां बजावलें. तो असें कां म्हणाला, हें मला घरीं आल्यावर कळलें. स्टेपनीवरहि तेच आंकडे होते : १११४.